अण्णांचा दहावा रामकुंडावर केला, त्याचा अनुभव (नाशिक, पंचवटी)

पाचपैकी साडेचार. अर्धा कशासाठी कापला ते खाली येईलच. रामकुंडाबद्दल लोकांनी लिहिलेलं बरंच वाचून गेले होते, सगळीकडे गर्दी, पार्किंग आणि दक्षिणा एवढंच असतं, पण ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय तो तिथं पार्किंगसाठी जात नाही ना, तो एक प्रश्न घेऊन जातो आणि त्याबद्दल कोणीच काही लिहीत नाही. म्हणून मी लिहितेय. लांब झालंय, पण माझ्यासारखं कोणी रात्री अडीचला जागं असेल तर वाचेल.

अण्णा म्हणजे माझे वडील. वीज मंडळात लाइनमन होते, ३६ वर्षं खांबावर चढले. देवाला हात जोडताना मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं, तार तुटली की बल्ब विझतो, मग बल्बमधला उजेड कुठं गेला असं विचारत बसतो का आपण, नाही ना, मग माणसाचं तरी का विचारायचं. आणि आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, वारकरी, गळ्यात माळ, गुडघे दुखत असले तरी आषाढीला पायी जाणारी. ती म्हणायची दादा, एक बल्ब विझला म्हणून पावरहाऊस बंद पडतं का रे. हे भांडण मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय, सिन्नरकडच्या आमच्या घराच्या ओट्यावर, चहा दोनदा उकळेपर्यंत चालायचं आणि शेवट ठरलेला असायचा, अण्णा कप खाली ठेवून म्हणायचे, जाऊ दे गं, मेल्यावर कळेलच, जो आधी जाईल त्याने दुसऱ्याला कळवायचं. कसं कळवायचं ते पण ठरवून टाकलेलं. अण्णा म्हणायचे माझी काही इच्छा राहिलेली नाही, त्यामुळे वर खरंच काही असलं तर तुझ्या त्या कावळ्याला मी पहिल्याच हाकेला पाठवीन, तुला उन्हात ताटकळत ठेवणार नाही.

यंदा जानेवारीत अण्णा गेले. किडनीचं दुखणं, शेवटचे ११ दिवस घरीच होते, त्यांनाच दवाखान्यात राहायचं नव्हतं. जायच्या तीन रात्री आधी अडीचच्या सुमाराला पाणी मागितलं, चमच्याने पाजलं, मग बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बाळा तुला काय वाटतं, असेल का गं काही पुढं? अण्णांनी. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी काय म्हणाले, अण्णा झोपा बरं आता, उद्या बोलू. मला वाटलं हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर निष्ठूर, आणि माझ्याकडे उत्तर नाही हे सांगायला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांची शुद्ध गेली. त्यांनी मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना झोपा म्हणाले, हे घेऊन मी रामकुंडावर गेले होते. बाकी सगळं त्या मानाने किरकोळ आहे.

डोळे दान करायचे हे त्यांनी लिहूनच ठेवलेलं. सहा तासांच्या आत काढावे लागतात, लोक घरी आले, अर्ध्या तासात झालं, चेहरा अजिबात वाईट दिसत नव्हता हे मुद्दाम सांगते कारण बरेच जण त्याला घाबरतात. आत्याचा मात्र जीव खालीवर, ती मला बाजूला घेऊन म्हणाली अगं वर गेल्यावर त्याला दिसेल ना? मी म्हटलं आत्या, देह तर सगळाच जाळणार आहोत आपण. त्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली हो, ते पण खरंच.

सुतकाचे दिवस कसे असतात ते ज्याने काढलेत त्याला माहीत. जिथं अण्णांनी प्राण सोडला तिथं दिवा ठेवलेला, दक्षिणेकडे वात, आणि आत्याने दिव्याजवळ ताटात तांदळाचं पीठ पसरून वर पाटी पालथी घातली. सकाळी पाटी उचलायची आणि पिठात कसला ठसा उमटलाय ते बघायचं, पाखराचा पाय दिसला तर पाखराचा जन्म, माणसाचं पाऊल दिसलं तर माणसाचा. मी सहावीत असताना आजी गेली तेव्हाही हे बघितलेलं, तेव्हा सगळे म्हणाले गायीचं खूर आहे आणि मला पण ते खूरच दिसलं होतं. यावेळी पाटी उचलली, पिठात मधोमध एक बारीक रेघ. आत्या म्हणाली वेल आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या साप असेल, आतेभाऊ म्हणाला मुंगी गेली असेल. मी खूप वेळ बघत बसले. मला ती विजेची तार दिसली. म्हणजे प्रत्येकाला आपापलं दिसलं, आणि हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, मला खरंच काहीतरी दिसायला हवं होतं.

रात्री झोप नव्हतीच म्हणून मोबाईलवर वाचत बसायचे, मरून परत आलेल्या लोकांबद्दल. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ जणांना विचारलं, २००१ साली लॅन्सेटमध्ये आलं ते, त्यातल्या ६२ जणांना त्या वेळचं काहीतरी आठवत होतं, बाकीच्यांना काहीच नाही. मग २०१४ चा एक मोठा अभ्यास, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रियाच्या १५ हॉस्पिटलांत केलेला, त्यांनी तर खोल्यांमध्ये उंचावर फळ्या लावून त्यावर अशी चित्रं ठेवली होती की फक्त छताजवळून खाली बघणाऱ्यालाच दिसतील, म्हणजे कोणी म्हणालं की मी शरीराबाहेर जाऊन वरून बघत होतो तर त्याला चित्र कसलं होतं ते विचारता येईल. २०६० लोकांचं हृदय बंद पडलं, त्यातल्या १४० जणांशी बोलता आलं, आणि ज्या दोघांना बघितलेलं ऐकलेलं नीट आठवत होतं ते दोघंही नेमके फळी नसलेल्या ठिकाणी होते. हे वाचून मी मोबाईल उलटा ठेवला आणि रडले. मला वाटलं एवढं जवळ येऊन कोणीतरी दार लावून घेतलं.

आणि आपल्याकडचंही वाचलं, सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ केसेस मांडल्या होत्या, त्यात पाश्चात्त्यांसारखं स्वतःचं शरीर वरून बघणं वगैरे फारसं नाही, आपल्या लोकांना यमदूत घेऊन जातात, तिथं वही उघडून बघतात आणि चुकीचा माणूस आणला म्हणून परत सोडतात. म्हणजे दारापर्यंत जाऊन आलेला माणूस पण आपल्या घरची पाटी पालथी घालूनच पीठ बघतो. आणि मुख्य म्हणजे ही सगळी परत आलेली माणसं, ती पूर्ण गेलेलीच नव्हती. पूर्ण गेलेल्याचं कोण सांगणार.

सातव्या रात्री मला एक गोष्ट लख्ख कळली आणि मी उठून बसले. अण्णा म्हणायचे मेल्यावर कळेलच. पण अण्णांचं खरं असेल तर मेल्यावर कळायला अण्णा नाहीतच, म्हणजे ते बरोबर होते हे त्यांना कधीच कळणार नाही. कळलं तर फक्त आत्याचंच खरं होतं एवढंच कळू शकतं. चाळीस वर्षं ज्या पैजेवर दोघं भांडले ती पैज अण्णा जिंकूच शकत नव्हते. सकाळी मी हे आत्याला सांगितलं, ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, आणि तरी तो रोज भांडायचा गं माझ्याशी.

बरं आता रामकुंडाचं. गावात नदीवर दहावा होऊ शकला असता पण आत्याचा हट्ट होता की गंगेवर करायचा, आणि नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात हे बाहेरच्यांसाठी सांगते. रामाने दशरथाचं श्राद्ध इथं केलं अशी श्रद्धा आहे, नदी इथं दक्षिणेला वळते, आणि कुंडात अस्थी विरघळतात म्हणतात. अण्णा असते तर म्हणाले असते हाड म्हणजे कॅल्शियम, ते असं विरघळत नसतं. बरोबरच आहे त्यांचं. पण हातातली पिशवी रिकामी झाली तेव्हा मी पाण्याकडे बघत राहिले आणि मला कॅल्शियम वगैरे काही आठवलं नाही.

गुरुजी ठरवताना त्रास झाला. मी एकुलती एक मुलगी. पहिल्या ज्या गुरुजींना फोन केला ते म्हणाले मुलीने केलेलं पोचत नाही, भाच्याला बसवा आणि तुम्ही बाजूला उभ्या रहा. मी विचारलं पोचत नाही हे कोणी सांगितलं, तर फोन ठेवला त्यांनी. घाटाच्या तोंडाशी पण एकाने पॅकेज पॅकेज म्हणत अक्षरशः आत्याची पिशवी ओढली, सोडतच नव्हता. अर्धा स्टार या दोघांचा कापला. दुःखातल्या माणसाला कोणी असं ओढू नये, आणि जे कोणालाच माहीत नाही ते छातीठोक सांगून मुलीला बापापासून लांब उभं करू नये, याचा मला अजून राग आहे.

ज्यांच्याकडे शेवटी केलं ते आमच्या गावाकडच्यांचे परंपरेचे तीर्थोपाध्याय. त्यांचं नाव इथं देत नाही, त्यांनाच नको होतं. पण कसं शोधायचं ते सांगते. रामकुंडाजवळ कोणालाही आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगा, अमक्या गावाचे गुरुजी कोण ते दहा मिनिटात कळतं. नाशिकच्या या घराण्यांनी गावं आणि कुळं वाटून घेतलेली आहेत आणि त्यांच्याकडे यजमानांच्या वह्या असतात, जुन्या मोडी लिपीत, नंतरच्या बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत. वहीचं पुढं येतंय. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, करणारं कोण? मी म्हटलं मी, मुलगी. ते म्हणाले या, साडेसातच्या आत या, उपाशी या, आणि त्यांना काय आवडायचं ते करून आणा. दक्षिणा सामानासकट ३५०० सांगितली आणि तेवढीच घेतली, वर एक रुपया नाही.

थंडी कडाक्याची होती. आतेभावाने केस दिले, त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून न्हाव्यासमोर जाऊन बसला. मी कुंडात तीन बुडक्या मारल्या, दात वाजत होते, आणि वर कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून घंटा ऐकू येत होती. या देवळात शंकरासमोर नंदी नाही, त्याची कथा आहे की इथं महादेवाने नंदीला गुरू मानलं म्हणून त्याला समोर बसवलं नाही. अण्णांना ही एक कथा आवडायची, म्हणायचे बैलाकडून शिकणारा देव असेल तर मला चालेल. हे मला तिथं ओल्या कपड्यात आठवलं.

विधी साधारण दीड तास चालला. गुरुजी प्रत्येक गोष्ट मराठीत सांगत होते, हे फार महत्त्वाचं वाटलं मला कारण याआधी जिथं जिथं बघितलं तिथं हे करा ते सोडा एवढंच असतं. स्मशानातून आणलेला अश्मा, म्हणजे तो दगड ज्याने मडकं फोडलं होतं, तो समोर ठेवला, सगळ्यांनी त्यावर तेल आणि तिळाचं पाणी सोडलं. दर्भाचं पवित्रक बोटात घातलं. पिंड मांडले, दही, तीळ, आणि शेजारी द्रोणात मी केलेली बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि स्टीलच्या पेल्यात चहा, साखर जास्त. एका ठिकाणी ते म्हणाले आता नाव घ्या आणि म्हणा की हे तुम्हाला मिळो. मी अण्णा म्हटलं आणि पुढं आवाजच फुटेना. ते थांबले. मागं दोन कुटुंबं रांगेत होती, तरी घाई केली नाही, हातातली पळी तशीच धरून बसून राहिले.

मग कावळा. पिंड बाजूला नेऊन ठेवले, सगळे मागे सरकलो. अण्णा म्हणाले होते पहिल्या हाकेला. आत्या हात जोडून उभी, तिचं तोंड पांढरं पडलेलं, आणि मला एकदम जाणवलं की तिला नुसता कावळा नकोय, तिला भावाचं उत्तर हवंय. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. समोरच्या पत्र्यावर कावळे रांगेत बसलेले, नुसते बघत होते. मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं, आतेभाऊ म्हणाला मामा शेताचं बघतो, काकू म्हणाल्या मुलीची काळजी करू नका, आत्या म्हणाली दादा मी नाही रे भांडणार आता. तरी नाही. बाजूला एक जण म्हणाला दर्भाचा कावळा करून लावा, तोही चालतो, आणि तशी पद्धत आहेच. गुरुजी म्हणाले थांबू अजून थोडं. मला कोणी काही म्हणायला सांगत नव्हतं पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढं गेले आणि जे त्या रात्री म्हणायला हवं होतं ते म्हटलं, मोठ्याने नाही, मलाच ऐकू येईल एवढं. म्हटलं अण्णा, तुम्ही विचारलं होतं ना, मला माहीत नाही. असावं असं वाटतं. पण माहीत नाही.

त्यानंतर कावळा आला. लगेच नाही, मी मागं येऊन उभी राहिल्यावर चार पाच मिनिटांनी. एकूण ३५ मिनिटं झाली होती. आत्या रडत माझ्या गळ्यात पडली, बघ आला, दादाने कळवलं बघ. पण मी जे बघितलं ते पूर्ण लिहिते. तो कावळा आधी शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला शिवला, मग आमच्या भाकरीचा तुकडा उचलला, आणि मग त्याच्यामागून सात आठ कावळे एकदम उतरले आणि तिथं मांडलेल्या सगळ्याच पिंडांवर बसले. कोणाचा कावळा कुठला ते सांगता येणं शक्य नव्हतं. अण्णांच्या अटीप्रमाणे बघितलं तर पहिली हाक केव्हाच होऊन गेली होती. आत्याच्या हिशोबाने तो आला म्हणजे आला. मी तिला काही बोलले नाही. मी दोघांची आहे.

विधी आटोपल्यावर मी गुरुजींना विचारलंच. म्हटलं तुम्ही रोज हे करता, तुम्हाला काय वाटतं, पोचतं का? मला वाटलं होतं एखादा श्लोक म्हणून मोकळे होतील. ते उपरण्याने हात पुसत म्हणाले, ताई २८ वर्षं झाली मला इथं बसून, पोचलं किंवा नाही पोचलं हे सांगायला अजून कोणी परत आलेलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मंत्र मीच म्हटले आणि कावळ्याची वाट पण मीच बघत उभा होतो, तुमच्यासारखाच. मग म्हणाले नचिकेताची गोष्ट माहीत आहे ना, तो पोरगा खुद्द यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला आणि त्याने हेच विचारलं, माणूस गेल्यावर असतो का नसतो. यम काय म्हणाला, हे सोडून काहीही माग, हत्ती घोडे माग, राज्य माग, यात देवांना पण शंका होती. साक्षात मृत्यू हे म्हणतो, मग मी कोण सांगणार. मी म्हटलं पण शेवटी सांगितलं ना यमाने. तर ते म्हणाले हो, सांगितलं. पण नचिकेता तेव्हा जिवंत होता ताई. जिवंत माणसाला सांगितलं त्याने, आणि ऐकून तो पोरगा घरी परत आला.

मी अण्णांचं मेल्यावर कळेलच हे वाक्य आयुष्यभर ऐकलं, आत्याने पण ऐकलं, आणि आम्हा कोणाच्याच मनात आलं नाही की कळायचं असेल तर ते आत्ता, इथंच, बसून विचारून कळायचं, जसं त्या रात्री अण्णा विचारत होते. ते मरणाची वाट बघत थांबले नव्हते, त्यांनी मला विचारलं होतं. मी पायरीवर बसूनच राहिले बराच वेळ.

आणि मग वही. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. गुरुजी म्हणाले नोंद करायचीय, चला घरी, दोन गल्ल्या आत जुना वाडा आहे. लाल कापडात बांधलेलं लांबट बाड काढलं, गावाचं नाव शोधलं, आडनाव शोधलं, पानं उलटत एका ठिकाणी थांबले आणि माझ्या पणज्याचं नाव वाचून दाखवलं, मोडीतलं. मग आजोबांची नोंद, १९८६, खाली करणाऱ्याची सही. सही अण्णांची. मी म्हटलं शक्य नाही, अण्णांनी आजोबांचं काहीही केलं नव्हतं, भावकीशी त्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं, राख दारणेत सोडली असं आयुष्यभर सगळ्यांना सांगत होते. गुरुजींनी वही माझ्याकडे फिरवली. अण्णांचं अक्षर मी कुठंही ओळखेन, मीटरच्या रीडिंगसारखं प्रत्येक अक्षर सुटं. खरंच त्यांचंच होतं.

पुढचं पान उलटलं. नोव्हेंबर २००४. माझी आई.

आईची राख आम्ही शेतातल्या आंब्याखाली घातली. मी स्वतः होते तिथं, अण्णा म्हणाले होते कुठं नदीत वगैरे घालायची नाही, इथंच तिचं सगळं. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची माझं गंगेवर करा. मी त्यावरून अण्णांशी किती भांडले होते ते माझं मला माहीत, दोन दिवाळ्या घरी गेले नव्हते. आणि वहीत लिहिलेलं होतं, पत्नीचा दहावा व अस्थिविसर्जन, आणि सोबत कोण या रकान्यात, एकटे. खाली तीच सुटी सुटी सही. म्हणजे थोडी राख त्यांनी बाजूला काढून ठेवली असणार, आणि सकाळच्या एसटीने नाशिकला येऊन, कुंडात उतरून, पिंड देऊन संध्याकाळपर्यंत परत गेले असणार, आणि कोणालाच कधी काही बोलले नाहीत. गुरुजी म्हणाले तेव्हा माझे वडील बसायचे, मी शेजारी असायचो, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला एक माणूस एकटाच आला होता ते अंधुक आठवतं.

मी विचारलं, आईच्या वेळी कावळा शिवला का? ते म्हणाले ते वहीत लिहीत नाहीत, ताई.

आत्या शेजारी बसलेली, तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, ती सारखी विचारत होती काय लिहिलंय गं, काय लिहिलंय दादाने. मी वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. मग तिने ती सही बोटाने चाचपली आणि म्हणाली, आणि मला सांगायचा देव बिव काही नाही म्हणून. मग थोड्या वेळाने म्हणाली, नसेलही मानत. तिच्यासाठी आला असेल.

देव आहे का, पुढं काही आहे का, हे मला दहाव्यानंतर होतं तेवढंच माहीत आहे, त्यात काहीही भर पडलेली नाही आणि ज्यांना वाटतं की घरात मरण झालं की काहीतरी उघड होतं त्यांना मी खोटं सांगणार नाही. अण्णा ते मानत होते का नव्हते, हेसुद्धा आता मला पूर्वीसारखं ठामपणे सांगता येत नाही. आईच्या बाबतीत मात्र मी २० वर्षं चुकीचा राग धरला होता.

आता कामाचं. सकाळी साडेसातच्या आत पोचा, उशिरा कावळ्यांची पोटं भरलेली असतात असं गुरुजीच म्हणाले. पावसाळ्यात नदीला पूर असेल तर आधी फोन करा, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडालीय त्यावर घाटावर काय चालू असेल ते ठरतं. सिंहस्थाच्या तयारीमुळे कुठला रस्ता कधी बंद असेल सांगता येत नाही, गाडी लांब लावून चालत या. बायकांनी कोरड्या कपड्यांचा जोड आणि एक जाड चादर आडोशाला ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती विधीच्या गडबडीत राहून जाते, आधी करून टाका. तुम्ही मुलगी असाल तर फोनवरच स्पष्ट विचारा, नाही म्हणणारे असले तर दुसरे बघा, हो म्हणणारे आहेत.

आणि वही बघायला मागा. त्याचे वेगळे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत. विधी झाल्यावर मागा, अंगावरचे कपडे वाळल्यावर, हात थरथरायचे थांबल्यावर. आमच्या नोंदीत गुरुजींनी अण्णांचं नाव लिहिलं, तिथी लिहिली, करणारी मुलगी असं लिहिलं, आणि सोबत कोण विचारलं. मी आत्याचं नाव सांगितलं, आतेभावाचं सांगितलं, माझी मुलगी त्या दिवशी परीक्षेमुळे आली नव्हती तरी तिचं पण लिहायला लावलं. मग पेन माझ्या हातात दिला आणि अण्णांच्या सहीच्या खालची ओळ दाखवली.